आबांची डावी बाजू

"आबा, वर बघा... आजून वर," भिंतीपलीकडून धाकट्या जावेचा, सारिकाचा आवाज आला आणि नंदाबाईंचा हात भाकरी थापता थापता तसाच थांबला. श्वास रोखून त्या ऐकू लागल्या. क्षणभर काहीच कानी आले नाही. मग आबांचे ते ओळखीचे खाकरणे, आणि पाठोपाठ जावेचे शब्द, "झालं. आता मिटून पडा निवांत."

थेंब पडला होता. नंदाबाईंनी सुस्कारा सोडला आणि तव्याकडे पाहिले, तर तव्यावरची आधीची भाकरी एका बाजूने पार काळी झाली होती.

ऑपरेशनच्या आधी डोळ्यात औषध वेळेवर पडले पाहिजे, हे त्या मावळातल्या किती घरांत जाऊन बजावून आल्या होत्या! पण आपल्याच घरात, आपल्याच सासऱ्यांच्या डोळ्यात थेंब पडतो की नाही, हे त्यांना भिंतीला कान लावून समजून घ्यावे लागत होते. वडिवळ्यातल्या त्या घराच्या मधोमध ही भिंत उभी राहिली त्याला दोन वर्षे होत आली होती. धाकट्या दिराने, हौशीरामने, आपल्या बाजूला गिलावा करून वर रंगही दिला होता. नंदाबाईंच्या बाजूच्या विटा मात्र तशाच उघड्या होत्या. त्यांनाही तिकडे हात लावावासा कधी वाटला नाही. गिलावा केला म्हणजे ही भिंत कायमची झाली, असे त्यांना वाटे...

आदल्या संध्याकाळी हौशीराम उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलला होता. त्यांच्याकडे न बघता, अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत.

"आबांना मीच आणतो लोणावळ्याला. तितं नंबर तेवढा राखून ठेवा म्हणावं. या बारीला दुसऱ्या कुणाला वाटू नका म्हणावं."

पूर्वी त्याच्या तोंडी प्रत्येक वाक्यात 'वहिनी' असे. जेवायला वाढा वहिनी, डबा भरा वहिनी, वहिनी तुमी सांगा आबांना. भिंत झाल्यापासून तो शब्द त्याने टाकला होता. नंदाबाई मान खाली घालून फक्त "व्हय" म्हणाल्या होत्या.

*

नंदाबाईंचे यजमान महिपती मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले. त्या आजारपणात त्यांच्या पायाखालून पुण्याचे सगळे दवाखाने गेले आणि कोणत्या दारावर थाप मारली म्हणजे ते उघडते, हे त्यांना उमगले. पण उमगेपर्यंत उशीर झाला होता. महिपती गेल्यावर शेजारच्या एका बाईला त्यांनी एका दयाळू डॉक्टरांकडे नेले. मग टाकव्याहून कुणी आले, पवनेकडून कुणी आले. ज्यांचा विमा नाही, योजनेच्या कार्डावर ज्यांचे नाव काही केल्या निघत नाही, शिबिरातून ज्यांना 'हे काम अवघड आहे' म्हणून परत पाठवले जाते, अशी माणसे त्यांच्या दारात येऊन बसू लागली. पुण्याच्या डॉक्टर रेणुका महिन्यातला एक रविवार लोणावळ्याला येऊन फुकट ऑपरेशने करायला तयार झाल्या. तिथल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्याने त्या दिवसापुरते थिएटर द्यायचे कबूल केले. डोळ्यात बसवायची भिंगे एक सद्गृहस्थ देत. हे सगळे धागे नंदाबाईंच्या हातात. एकाने जरी ऐनवेळी 'जमत नाही' म्हटले तरी सगळे विणकाम उसवायचे, म्हणून तो रविवार जवळ आला की त्या पुन्हा पुन्हा सगळ्यांकडून खात्री करून घेत.

रोग्यापाशी बसायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र त्यांनी आपल्या रीतीने सोडवला होता. आवणीच्या वेळी भाताच्या खाचरात जशी सावड चालते, आज आम्ही तुमच्यात, उद्या तुम्ही आमच्यात, तशीच त्यांनी दवाखान्यात चालवली. ज्याचे ऑपरेशन झाले, त्याने पुढच्या कुणासाठी तरी एक दिवस येऊन बसायचे. ओळख असो वा नसो.

आज आबांच्या सावडीला बदरुन्निसा येणार होती. आणि याच विचाराने नंदाबाईंचे अंतःकरण पहाटेपासून धास्तावले होते.

बदरुन्निसा कामशेतची. तिचे यजमान इनायतभाई शिंपीकाम करत आणि ब्लाऊजांची हातशिलाई तिच्याकडे असे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी आबांचा जो नंबर होता, तो तिला मिळाला होता. तिला पुन्हा सुईत दोरा ओवता येऊ लागला... आणि आबांचा डावा डोळा मात्र गेला. मोतीबिंदू पिकून आत दाब वाढला, नस वाळली. आता उरला होता उजवा. तोही पिकत आला होता. डॉक्टर रेणुकांनी गेल्या महिन्यात तपासून स्पष्टच सांगितले होते की आता थांबू नका, हाही त्याच वाटेने जाईल.

तेव्हा आपला नंबर आबांनी आपणहून, मोठ्या मनाने तिला दिला, असे बदरुन्निसाला वाटत होते. नंदाबाईंनीच तसे सांगितले होते. दर ईदला ती शिरखुर्म्याचा डबा द्यायची, "आबांना द्या हां," म्हणायची, आणि तो डबा भिंतीच्या अलीकडेच राहायचा.

घरात मात्र नंदाबाईंनी वेगळेच सांगितले होते. नंबर मीच दिला, मला त्या बाईची दया आली.

खरे काय ते आबा आणि नंदाबाई या दोघांनाच ठाऊक होते.

*

त्या दिवशी आबा आयत्या वेळी बाकावरून उठून गेले होते. नंदाबाई शोधत शोधत दवाखान्यामागच्या मारुतीच्या पारावर पोचल्या. एके काळी मावळातल्या जत्रांच्या फडांत ज्या रखमाजी पैलवानाचे नाव काढले की समोरचा लंगोट सोडून ठेवी, ते आबा पाराच्या दगडाला धरून लहान मुलासारखे कापत होते. त्यांच्या आईच्या डोळ्यात कुणा हिंडत्या भोंदूने सुई घातली होती. तिचे ते किंचाळणे त्यांनी दाराआडून ऐकले होते. उभ्या आयुष्यात हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

"सूनबाई, घरी सांगू नगं," ते म्हणाले होते. "पैलवान भ्यालं, आसं हौशाला कळलं तर मी त्याला तोंड कसं दावू? तुला महिपतीची आण हाय."

महिपतीची आण... नंदाबाईंनी सगळा दोष पदरात घेतला. एका महिन्याचाच तर प्रश्न, पुढच्या खेपेला समजावून आणू, असे त्यांना वाटले होते. पण हौशीराम असा भडकला की पुढच्या महिन्यात त्याने आबांना त्यांच्याबरोबर धाडलेच नाही. "नाव कमवायला दुसऱ्याचा बाप बघा," म्हणाला. मग पाऊस आला, आवणी आली, आणि भाताला लोंब्या धरेपर्यंत डोळा गेला होता.

आपण खोटे बोललो नसतो तर? हौशीराम चिडला नसता, आबांना हसून का होईना, पण घेऊन आला असता... रात्र रात्र हा प्रश्न त्यांना कुरतडत असे. आबांची लाज राखता राखता आपणच तर त्यांचा डोळा घालवला नाही ना? ते विचारायचे कुणाला? आण होती.

*

रविवारची सहलीची गर्दी, हायवेवर गाड्यांची रांग. डॉक्टर रेणुकांना पोचायला चांगलाच उशीर झाला. आल्या आल्या त्या हात धुवायला गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "नंदाताई, एक वाजता मला निघावंच लागेल. थिएटरही तेवढाच वेळ आहे आपल्याला."

पहिले दोघे आत गेले. आबांचा नंबर तिसरा. नंदाबाई फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघत, पुन्हा आत येऊन घड्याळाकडे बघत. बदरुन्निसा बाकावर बसून हातातल्या पिशवीशी चाळा करत होती. "आज तरी भेटू द्या आबांना," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली, तुम्ही नुसतं नको नको म्हणता. मी काय त्यांना खाणार आहे का?"

नंदाबाई कसनुसे हसल्या. हौशीराम येईल, ही बाई त्याच्यासमोर आबांचे आभार मानेल, आणि मग...

तेवढ्यात टेम्पो आला, आणि त्यांनी घाईघाईने बदरुन्निसाला आत पाणी भरून आणायला धाडले. हौशीराम कामशेतच्या भाताच्या गिरणीवर टेम्पो चालवी. त्याच टेम्पोत पुढे बसवून त्याने आबांना आणले होते. आबांनी धुतलेले धोतर नेसले होते, डोक्याला फेटा होता. हौशीरामने त्यांना हाताला धरून बाकावर बसवले आणि तो टेम्पो लावायला बाहेर गेला. नर्स नंदाबाईंना आत बोलवत होती. मागच्या रोग्याची साखर पुन्हा तपासायची होती. त्या आत गेल्या, बाहेर आल्या...

बाकावर नुसता फेटा होता.

"आबा कुटं हायत?" हौशीरामचा आवाज मागून आला. त्याने रिकाम्या बाकाकडे पाहिले, मग नंदाबाईंकडे, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तो सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत बोलला. "दिला न्हवं पुन्यांदा? या बारीला कुणाला दिला? त्यो डोळा खाल्ला, आता ह्योबी खायाचा हाय व्हय?"

व्हरांड्यातली सगळी माणसे बघू लागली. ज्यांच्यासाठी त्या वर्षानुवर्षे झिजल्या, तीच माणसे. आत नर्स पुकारत होती, "रखमाजी... पुढचे रखमाजी कोण?" क्षणभर त्यांच्या मनात आले की सांगून टाकावे. सगळे, इथेच, सगळ्यांदेखत. महिपती, मला क्षमा करा...

पण त्या वळल्या त्या नर्सकडे. "सिस्टर, चौथ्याला आधी घ्या. आमचे आबा येत्यात. मॅडमना म्हणावं, त्यांचं भिंग बाजूला ठेवा, येत्यात ते," असे म्हणून त्या मागच्या दाराकडे निघाल्या. हौशीरामकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही.

*

आबा तिथेच होते. त्याच पारावर, त्याच दगडाला धरून. बोडक्या डोक्यावरचे विरळ केस वाऱ्याने उडत होते. नंदाबाई त्यांच्या उजव्या अंगाला जाऊन बसल्या, त्यांना अंधुक तरी दिसावे म्हणून.

"कोन? सूनबाई का?"

"व्हय, आबा."

आबांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर ओढला. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "लय मनाची तयारी करून आलो हुतो. टेम्पोत मारुतीचं नाव घेत आलो. पर त्या नर्सबाईनं सांगितलं, उताणं निजायचं... आगं, पाठ टेकली की पैलवान संपतो. आन हितं तर आधी पाठच टेकाया लावत्यात."

इतक्या दुःखातही नंदाबाईंना हसू आले. त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. तो थंडगार होता. आणि त्याच वेळी त्यांना दिसले, दवाखान्याच्या मागच्या दारातून हौशीराम येत होता. संशयाने त्यांच्या मागोमाग निघालेला. तो तरातरा पाराजवळ आला आणि आबांच्या डाव्या अंगाला, हाताच्या अंतरावर थांबला.

आबांना तो दिसला नाही. त्या बाजूला त्यांना आता काहीच दिसत नव्हते.

"सूनबाई," आबांनी आवाज बारीक केला, "मागच्या बारीवानी आजबी तेवढं म्हनशील का?"

"आबा, ऱ्हाऊ द्या आता... चला, आत चला," नंदाबाई घाईघाईने म्हणाल्या. त्यांनी हौशीरामकडे बघून मान हलवली, जा, जा अशी डोळ्यांनी विनवणी केली. तो हलला नाही.

"ऐक तर खरं. हौशाला म्हन, म्याच नंबर दिला दुसऱ्याला. तू मागं म्हनलीस, त्येनं इस्वास ठिवला. आजबी ठिवील. तुला बोल लागंल, मला ठावं हाय... तुला लय बोल लागला माझ्यापायी. भिंतीपल्याडनं ऐकतो मी, तू एकलीच जेवतीस. घास घशाखाली उतरत न्हाई माझ्या. पर पोरगं मला भित्रा म्हनंल, ते न्हाई सोसायचं गं मला. येवढी एक डाव लाज राख."

नंदाबाईंनी डोळे मिटून घेतले. जे दोन वर्षे छातीशी धरून ठेवले होते ते असे उघड्यावर सांडले होते आणि त्यांना ते गोळा करता येत नव्हते.

पारामागच्या पिंपळाची पाने तेवढी वाजत होती. मग आबांना डाव्या बाजूने कुणाचा तरी हुंदका ऐकू आला. त्यांनी चमकून सगळी मान वळवली, उजवा डोळा तिकडे येईपर्यंत.

"कोन हाय?" त्यांनी विचारले, पण त्यांना कळले होते.

हौशीराम गुडघ्यांवर खाली बसला होता. त्याने आबांच्या गुडघ्यावर डोके टेकले. आबांचा हात हवेत तसाच राहिला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.

"म्याच न्हाई धाडलं तुमाला," हौशीराम म्हणाला. "दुसऱ्या म्हयन्यात नेत हुत्या ह्या. म्याच आडवा पडलो. त्यो डोळा म्या घालवला, आबा."

"न्हाई, न्हाई... म्या पळालो. म्या पळालो रं हौशा."

बदरुन्निसा कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळले नाही. आबांचा फेटा तिच्या हातात होता. तो द्यायला ती मागोमाग आली होती, आणि तिनेही सगळे ऐकले होते. नंदाबाईंना तिच्याकडे बघवेना. ज्या उपकाराच्या आठवणीवर ही बाई दोन वर्षे दुवा देत होती, तो उपकार नव्हताच!

बदरुन्निसा पाराशी आली. "आबा, मी बदरुन्निसा. कामशेतची. तुमचा नंबर मला मिळाला होता."

आबांनी मान खाली घातली. "ऐकलंस न्हवं, पोरी? म्या दिला न्हवता. भ्यालो हुतो."

तिने हातातल्या फेट्याची घडी नीट केली. मग म्हणाली, "भिऊन दिला काय आणि खुशीनं दिला काय, सुईत दोरा तर जातोय ना माझा? मी काय त्या नंबराला विचारत बसू, बाबा तू कसा आलास?" तिने फेटा त्यांच्या मांडीवर ठेवला. "आणि घाबरले तर मीपण होते. आत सुई दिसतच नाही, आबा. नुसता उजेड दिसतो. बाहेर दाराशी या नंदाताई बसल्या होत्या. आज मी बसते. सावड फेडायचीय मला. ती तरी फेडू द्या."

आबा फेट्यावरून हात फिरवत राहिले. "माझ्यात दम न्हाई रं," ते हौशीरामला म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते मुलाला सांगितले.

हौशीरामने बाहीने डोळे पुसले आणि तो उठला. "मलाबी न्हाई, आबा," तो म्हणाला. "ह्यो बघा हात माझा, कसा कापतुया. चला, दोघं मिळून भिऊ."

*

चौथा रोगी बाहेर आला आणि आबा आत गेले. दार लागले. भिंतीवरचे घड्याळ एकाकडे सरकत होते. डॉक्टरांना वेळ पुरेल ना? दाब वाढणार नाही ना? आत आबा घाबरून हलले तर? एकदा आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि नंदाबाई ताडकन उभ्या राहिल्या. हौशीरामही उभा राहिला. मग दोघे परत बसले, त्याच बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दाराशी बदरुन्निसा ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत बसली होती.

एक वाजून गेला तरी दार उघडले नाही. ते उघडले तेव्हा डॉक्टर रेणुका टोपी काढत बाहेर आल्या. भिंग नीट बसले होते. "नस किती वाचलीय ते उद्या पट्टी काढल्यावरच कळेल," त्या म्हणाल्या, आणि निघता निघता हसल्या. "आजोबा सगळा वेळ मारुतीला दम देत होते. हलले नाहीत मात्र."

ती रात्र आबा दवाखान्यातच राहिले. सकाळी नर्सने पट्टी सोडली तेव्हा खाटेभोवती नंदाबाई आणि हौशीराम उभे होते. सारिकाही डबा घेऊन आली होती. आबांनी डोळा उघडला आणि लगेच मिटला. उजेड सोसेना. पाणी आले. पुन्हा उघडला. कुणी श्वास घेत नव्हते.

समोर नंदाबाई उभ्या होत्या. आबा त्यांच्याकडे बघत राहिले... बघतच राहिले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"सूनबाई?" ते म्हणाले. "आगं, तुझं क्यास कवा गं पांढरं झालं?"

नंदाबाईंनी चटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सारिकाने तोंड फिरवले आणि ती डब्याचे झाकण उगाच उघडू लागली. हौशीराम खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग खिशातून टेम्पोची किल्ली काढत तो दाराकडे गेला आणि दारात थांबला.

"टेम्पो दाराशी आणतो," तो म्हणाला. "आबांना आन सारिकाला पुढं बसवू. तुमी बी पुढंच बसा... वहिनी."